कीबोर्डसाठी जागा कोण सोडणार? अडतीच्या फॉर्मसाठी पर्यायांची तुलना

लातूर, परभणी, सेलू, जालना, कुठल्याही मोंढ्यातल्या अडत दुकानासाठी अ‍ॅप करायला घेतलं की आवक नोंदवायची स्क्रीन आलीच. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, कट्टे, वजन, ओलावा, भाव, हमाली, तोलाई असे नऊ-दहा रकाने. तळाला एकूण रकमेची ओळ आणि ‘पट्टी तयार करा’ (पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशेब) हे बटण. लॅपटॉपवरच्या डिझाइनमध्ये सगळं नीट बसतं. मुनीम भावाच्या रकान्यावर बोट ठेवतो, कीबोर्ड वर येतो आणि नेमका तोच रकाना, एकूण रक्कम, बटण, सगळं त्याखाली जातं.

जागेचा हिशेब आधी मांडू. ७२०×१६०० पिक्सेलचा स्वस्तातला फोन ३२० डीपीआयला धरला तर अ‍ॅपला ३६०×८०० डीपी (पडद्याच्या घनतेवर न अवलंबणारं मोजमाप) मिळतात. खालच्या तीन बटणांच्या पट्टीसह कीबोर्ड सुमारे ३०० डीपी घेतो. वरची स्टेटस पट्टी २४ आणि अ‍ॅपचं शीर्षक ५६ वजा करा. उरले ४२०. एकूण रकमेची ओळ ६४ ची ठेवली तर राहतात ३५६. एक रकाना मधल्या अंतरासह ७२ डीपीचा असतो, म्हणजे पाच रकानेसुद्धा पुरते मावत नाहीत. अक्षरं मोठी करून वापरणारे मुनीम बरेच असतात. त्यांच्या फोनवर तीन-चारच दिसतील. म्हणून अशा स्क्रीनला स्क्रोल लागतोच. खरा निर्णय पुढचा आहे: कीबोर्डने घेतलेली जागा कुणी सोडायची? सिस्टिमने, फ्रेमवर्कने की तुम्ही स्वतः?

ती एकानेच आणि एकदाच सोडायची. कुणीच सोडली नाही तर बटण झाकतं. दोघांनी सोडली तर कीबोर्डच्या वर पांढरा मोकळा पट्टा दिसतो. या विषयातल्या बहुतेक तक्रारी या दोहोंपैकी एक असतात, आणि खालचे पर्यायही याच नजरेने पाहायचे आहेत.

पॅन की रिसाइझ

अँड्रॉइडच्या मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती देणारी फाइल) प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीला (एकेका स्क्रीनला) विंडो-सॉफ्ट-इनपुट-मोड देता येतो. अ‍ॅडजस्ट-पॅन दिलं तर विंडोचा आकार तसाच राहतो आणि चालू रकाना दिसेल इतकी आख्खी स्क्रीन वर ढकलली जाते. अ‍ॅडजस्ट-रिसाइझमध्ये विंडोच आखूड होते आणि आतला स्क्रोल उरलेल्या जागेत चालतो.

पॅन दिलं की रकाना लगेच दिसायला लागतो, म्हणून घाईत तेच दिलं जातं. पण शीर्षक वरून बाहेर जातं, त्याच्यासोबत मागे जायचा बाणही जातो. कीबोर्ड उघडा असताना खालच्या रकान्यापर्यंत स्क्रोल करता येत नाही आणि एकूण रकमेची ओळ झाकलेलीच राहते. भाव टाकताना रक्कम डोळ्यांसमोर बदलायला हवी, हीच तर या फॉर्मची गरज. दोन रकान्यांच्या लॉगिन स्क्रीनला पॅन चालेल. आवकेच्या फॉर्मला नको.

रिसाइझला एक जुनी अट आहे. स्क्रीन फुलस्क्रीन फ्लॅग लावून उघडली असेल तर रिसाइझ कामच करत नाही. वेबव्ह्यूवर (आत वेब पान दाखवणारा घटक) उभ्या असलेल्या जुन्या अ‍ॅपमध्ये ‘रिसाइझ लिहिलंय, तरी काही होत नाही’ असं झालं तर आधी हा फ्लॅग शोधा.

अँड्रॉइड १५ ने काय बदललं

एसडीके ३५ ला (अँड्रॉइड १५ ची विकाससामग्री) टार्गेट केलेलं अ‍ॅप अँड्रॉइड १५ च्या फोनवर सक्तीने एज-टू-एज चालतं, म्हणजे स्क्रीनच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पसरतं. तिथे रिसाइझ लिहिलं तरी आतला मजकूर आपोआप आखूड होत नाही. सिस्टिम फक्त कीबोर्डची उंची इन्सेट म्हणून कळवते, जागा तुम्ही सोडायची. प्ले स्टोअरने ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅपना आणि अपडेटना एसडीके ३५ बंधनकारक केलं, त्यामुळे हे टाळता येणारं नाही. थीममध्ये एज-टू-एजमधून सूट मागायची सोय आहे, पण ३६ ला टार्गेट केल्यावर अँड्रॉइड १६ च्या फोनवर ती चालत नाही. तिच्यावर नवं काम उभं करू नये.

गोंधळ पुढे होतो. तीच एपीके (अ‍ॅपची फाइल) अँड्रॉइड १३ च्या फोनवर जुन्या पद्धतीने विंडो आखूड करते आणि १५ वर करत नाही. डेव्हलपरच्या टेबलावर ठीक, दुकानातल्या नव्या फोनवर बटण गायब. यावर उपाय असा की अ‍ॅक्टिव्हिटीच्या ऑन-क्रिएटमध्ये एनेबल-एज-टू-एज बोलवावं, म्हणजे सगळ्या फोनवर एकच वागणूक राहते. मॅनिफेस्टमधलं अ‍ॅडजस्ट-रिसाइझ मात्र काढू नका. अँड्रॉइड ११ च्या आधीच्या फोनवर कीबोर्डचा इन्सेट कळायला ते लागतंच.

जेटपॅक कंपोझमध्ये (अँड्रॉइडची स्क्रीन बांधायची लायब्ररी) आयएमई-पॅडिंग (आयएमई म्हणजे कीबोर्ड) हा एक मॉडिफायर पुरतो, पण क्रम महत्त्वाचा. आधी आयएमई-पॅडिंग, नंतर व्हर्टिकल-स्क्रोल. उलटं लिहिलं तर स्क्रोलची चौकट कीबोर्डखाली तशीच लांब राहते आणि फक्त आतल्या मजकुराच्या शेवटी मोकळी जागा वाढते. दुसरी चूक स्कॅफोल्डची, म्हणजे स्क्रीनच्या तयार सांगाड्याची. त्याच्या इनर-पॅडिंगमध्ये खालच्या बटणपट्टीची उंची आधीच असते, आणि कीबोर्डच्या इन्सेटमध्येही तीच उंची धरलेली असते. तीन बटणांच्या फोनवर म्हणून बरोबर ४८ डीपीचा जास्तीचा पट्टा दिसतो. इनर-पॅडिंग लावल्यावर लगेच कन्झ्यूम-विंडो-इन्सेट्सला तेच द्या, पट्टा जातो.

फ्लटर आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह

ही दोन्ही एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनसाठी अ‍ॅप करायची फ्रेमवर्क. छोट्या टीमला खरी निवड बहुतेक इथेच करायची असते. कीबोर्डपुरतं बोलायचं तर फ्लटर कमी त्रास देतं.

फ्लटरच्या स्कॅफोल्डमध्ये रिसाइझ-टू-अव्हॉइड-बॉटम-इन्सेट मुळातच चालू असतं. बॉडी कीबोर्डच्या वर थांबते. तुम्हाला तिच्यात स्क्रोल द्यायचा असतो, एवढंच. साधा कॉलम ठेवला तर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांसह ‘बॉटम ओव्हरफ्लोड’ दिसतं. या पट्ट्या डीबग बिल्डमध्येच असतात. रिलीजमध्ये मजकूर गुपचूप कापला जातो, म्हणून ‘रिलीजमध्ये दिसत नाही, चालेल’ असं समजू नये.

एकूण रकमेची ओळ बॉटम-नॅव्हिगेशन-बार या जागी ठेवायचा मोह होतो. ती तिथे कीबोर्डमागेच राहते, वर येत नाही. त्याऐवजी बॉडीत कॉलम घ्या, वर एक्सपांडेडमध्ये रकान्यांची लिस्ट आणि खाली ती ओळ. बॉडी आखूड झाली की ओळ आपोआप कीबोर्डला टेकते. आवकेच्या फॉर्मसाठी कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये याहून साधं उत्तर नाही.

फ्लटरमध्ये अडतं ते दोन ठिकाणी. स्कॅफोल्डच्या बॉडीत आतून व्ह्यू-इन्सेट्स वाचले तर शून्य येतात, कारण स्कॅफोल्डने ती जागा आधीच सोडलेली असते. ‘उंची मिळतच नाही’ म्हणून लोक रिसाइझ बंद करून हाताने पॅडिंग देतात आणि एका स्क्रीनचं दुखणं दहा स्क्रीनवर नेतात. दुसरं ठिकाण खालून उघडणारी शीट. शेतकरी शोधायचा रकाना बॉटम-शीटमध्ये असेल तर इज-स्क्रोल-कंट्रोल्ड चालू करा आणि आतल्या मजकुराला व्ह्यू-इन्सेट्सच्या बॉटमइतकं पॅडिंग द्या. इथे ते हातानेच द्यावं लागतं. सोबत व्ह्यू-पॅडिंग मिळवू नका. त्यातली खालची पट्टी कीबोर्ड उघडल्यावरही मोजली जाते आणि पुन्हा दुप्पट जागा सुटते. उंची वाचताना मीडियाक्वेरीचं पूर्ण ऑफ न वापरता व्ह्यू-इन्सेट्स-ऑफ वापरा. पूर्ण ऑफ वापरणारं विजेट मीडियाक्वेरीतलं काहीही बदललं तरी नव्याने बांधलं जातं, आणि कीबोर्ड वर येताना तर फ्रेमागणिक. स्वस्त फोनवर तो अडखळ डोळ्यांना दिसतो.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये सोबत येणारा कीबोर्ड-अव्हॉइडिंग-व्ह्यू आयफोनवर बिहेविअर पॅडिंग देऊन ठीक चालतो. वर हेडर असेल तर कीबोर्ड-व्हर्टिकल-ऑफसेटमध्ये त्याची खरी उंची द्यावी लागते, नाहीतर रकाना तेवढाच झाकलेला राहतो. ही उंची नॅव्हिगेशन लायब्ररीच्या यूज-हेडर-हाइटकडून घ्या, आकडा हाताने लिहू नका. अँड्रॉइडवर मात्र वरचीच अडचण येते. जुन्या फोनवर विंडो आधीच आखूड झालेली, त्यात बिहेविअर दिलं तर दुप्पट जागा; नव्यावर काहीच दिलं नाही तर बटण झाकलेलं. शिवाय कीबोर्ड येण्याआधीची सूचना आयफोनवरच मिळते, अँड्रॉइडवर तो आल्यानंतरची. त्यामुळे हाताने केलेली हालचाल उशिरा आणि झटक्याने होते.

म्हणून रिअ‍ॅक्ट नेटिव्हवरच काम करायचं ठरलं असेल तर रिअ‍ॅक्ट-नेटिव्ह-कीबोर्ड-कंट्रोलर ही लायब्ररी पहिल्या दिवशीच घाला. ती अँड्रॉइडचे इन्सेट फ्रेमागणिक वाचते आणि तिचा कीबोर्ड-अवेअर-स्क्रोलव्ह्यू लांब फॉर्मला पुरा पडतो. ती घातल्यावर जुने कीबोर्ड-अव्हॉइडिंग-व्ह्यू स्क्रीनमधून काढून टाका, दोन्ही ठेवू नका.

तिथली आणखी एक तक्रार लेआउटची वाटते पण स्पर्शाची असते: ‘बटण दोनदा दाबावं लागतं’. स्क्रोलव्ह्यूचं कीबोर्ड-शुड-पर्सिस्ट-टॅप्स मुळात ‘नेव्हर’ असतं, म्हणून पहिला स्पर्श कीबोर्ड मिटवण्यातच जातो. ‘हँडल्ड’ केलं की काम एका स्पर्शात होतं.

आधीचं अ‍ॅप रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये चालू असेल तर केवळ कीबोर्डसाठी फ्लटरकडे जाणं वेडेपणाचं ठरेल. लायब्ररी घालणं स्वस्त पडतं. नवं अ‍ॅप असेल आणि त्यात बहुतेक फॉर्मच असतील तर पारडं फ्लटरकडे झुकतं.

वेब अ‍ॅप

इन्स्टॉल न करता चालतं म्हणून वेबचा पर्याय पुष्कळदा पुढे येतो. २०२२ अखेरीच्या क्रोम १०८ पासून अँड्रॉइडवर कीबोर्ड उघडल्यावर पानाचा लेआउट आखूड होत नाही, फक्त दिसणारा भाग आखूड होतो. तळाला फिक्स्ड केलेली रकमेची ओळ त्यामुळे कीबोर्डमागे जाते. व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये इंटरअ‍ॅक्टिव्ह-विजेटला रिसाइझेस-कंटेंट दिलं की क्रोमवर जुनी वागणूक परत येते. आयफोनच्या सफारीवर त्यावर विसंबू नका. तिथे व्हिज्युअल-व्ह्यूपोर्टची उंची ऐकून ओळ हाताने सरकवावी लागते. डीव्हीएच हे पानाच्या उंचीचं एकक कीबोर्डप्रमाणे बदलत नाही, ते यासाठी उपयोगाचं नाही. रकान्याची अक्षरं १६ पिक्सेलहून लहान असतील तर सफारी स्पर्श होताच पान मोठं करतं आणि लेआउट आडवा सरकतो. दिवसभर आवक नोंदवायची असेल तर वेब हा आमच्या मते शेवटचा पर्याय. महिन्यातून एकदा हिशेब पाहायला चांगला आहे.

नेटिव्ह आयफोन अ‍ॅपचं काम तुलनेने सोपं. अ‍ॅपलच्या दोन स्क्रीन-लायब्ररींपैकी स्विफ्टयूआय आयओएस १४ पासून स्वतः जागा सोडतं आणि यूआयकिटमध्ये आयओएस १५ पासून कीबोर्ड-लेआउट-गाइडला तळाची ओळ बांधता येते. लक्षात एवढंच ठेवायचं की तिथल्या आकड्यांच्या कीबोर्डवर ‘पुढे’ किंवा ‘झालं’ असं बटण नसतं. कीबोर्डच्या वर टूलबार देऊन ते तुम्हीच द्या, नाहीतर मुनीम वजनाच्या रकान्यात अडकून बसेल.

मराठी टायपिंगमुळे होणारे बदल

नावाच्या रकान्यात देवनागरी कीबोर्ड, वजनाच्या रकान्यात आकड्यांचा. एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना कीबोर्ड बंद होत नाही, पण त्याची उंची बदलू शकते. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये उंची कमी-जास्त करता येते, हाताने लिहायचा फलक उघडता येतो, सुचवलेल्या शब्दांची पट्टी येते-जाते. तरंगता कीबोर्ड तर खालची जागा मागतच नाही. म्हणून उंचीचा आकडा कोडमध्ये लिहून ठेवणं किंवा एकदा मोजून साठवणं, दोन्ही पर्याय बाद.

आकड्यांचं वेगळं दुखणं आहे. फॉर्मच्या रकान्यात कुणी देवनागरी अंक टाकले किंवा चिकटवले तर फ्लटरचा डिजिट्स-ओन्ली फिल्टर ते गाळून टाकतो, आणि जावास्क्रिप्टचं नंबर त्यांचं ‘अंक नाही’ असं उत्तर देतं. कोटलिन आणि जावाचं पार्स-इंट मात्र ते वाचतं. रकाना घेतानाच देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्या, मगच फिल्टर लावा. क्विंटल आणि ओलाव्याला दशांश लागतो, तेव्हा कीबोर्डचा प्रकारही नुसत्या अंकांचा न ठेवता दशांशाचा ठेवा.

तपासणी

एम्युलेटरला लॅपटॉपचा कीबोर्ड जोडलेला असला की स्क्रीनवरचा उघडतच नाही आणि सगळं बरोबर दिसतं. आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये कमांड-के दाबून तो उघडावा लागतो. तपासणीसाठी खरे दोन फोन हवेत: एक अँड्रॉइड १५ किंवा पुढचा, एक ११ च्या आधीचा. दोन्हींवर अक्षरं सर्वांत मोठी करा, खालची तीन बटणं चालू ठेवा. शेवटच्या रकान्यावर थेट बोट ठेवा, भाषा बदला, इमोजी उघडून मिटवा, फोन आडवा करून परत उभा करा. आडव्या फोनवर अँड्रॉइड कधी कधी आख्खी स्क्रीन व्यापणारा लेखनपट उघडतं. तो नको असेल तर रकान्याच्या आयएमई-ऑप्शन्समध्ये फ्लॅग-नो-एक्स्ट्रॅक्ट-यूआय द्या. मात्र ३६० डीपी उंचीत कीबोर्ड आणि शीर्षक गेल्यावर आवकेच्या फॉर्मला उरतं ते फार थोडं, तेव्हा ही एक स्क्रीन उभीच बांधून ठेवावी.