पहिल्याच रात्री झोप लावणारी ‘जडीबुटी’

बाबा गेल्यापासून आईला सारखी धडधड व्हायची, रात्र रात्र डोळा लागायचा नाही. कुणीतरी नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका ‘वैद्या’चं नाव सांगितलं. बरण्यांवर ब्राह्मी, जटामांसी, शंखपुष्पी, अश्वगंधा अशा चिठ्ठ्या. बिल नाही, पुडीवर काही छापलेलं नाही. “माताजी, रातच्याला एक पुडी दुधासोबत घ्या, अर्ध्या तासात डोळा लागते का नाही पाहा!”

लागला. पुढे पुडीचा भाव वाढत गेला अन् आई दिवसाही पेंगू लागली.

दिवाळीत तो वैद्य गावी गेला, पुड्या संपत आल्या म्हणून आईने घेणं थांबवलं. दोन दिवसांत तिला दरदरून घाम, हातात चहाचा कप धरवेना, जीव नुसता कासावीस. दवाखान्यात लघवी तपासली तर बेन्झोडायझेपिन गटाचं, म्हणजे झोपेच्या गोळ्यांतलं, सवय लावणारं औषध निघालं. हे औषध तिला कुठल्याच डॉक्टरने कधी दिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी उरलेली पुडी कागदावर पसरली. तपकिरी चुऱ्यात पांढरे कण वेगळे दिसत होते. जटामांसीचा उग्र वास मात्र खरा होता, म्हणून तर आमचा विश्वास बसला.

माझा राग आयुर्वेदावर नाही. अश्वगंधेवर माणसांवर अभ्यास झालेत: रोज 240 ते 600 मिलिग्रॅम अर्क, बहुतेक दोनेक महिने, अन् चिंता काही प्रमाणात कमी झाल्याचं दिसलं. पण हे अभ्यास लहान आहेत. ब्राह्मीवरचं काम मुख्यतः स्मरणशक्तीचं आहे, आणि जटामांसीचे माणसांवरचे नीट प्रयोग मोजकेच. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ती विचारल्याशिवाय घेऊ नये. म्हणजे खरी वनस्पती हळू काम करते, तेही सगळ्यांवर नाही. अर्ध्या तासात झोपवणाऱ्या निनावी पुडीवर मला आता पहिला संशय कुटून मिसळलेल्या झोपेच्या गोळीचाच येतो.

बाजारात विकायच्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि उत्पादकाचा पत्ता असावाच लागतो. नसेल तर घेऊ नका. जीव घाबरा होत असेल तर 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

उरलेल्या पुड्या आम्ही तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या आहेत. तुमच्या घरात कुणी अशी पुडी घेत असेल तर ती फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. अन् एकदम बंद करू नका; अशा गोळ्या अचानक तोडल्या तर झटकेही येऊ शकतात. आईची गोळी डॉक्टर अजूनही थोडी थोडी कमी करत आहेत.