माग, रंग की कात्री? नाशिकमध्ये राहून कापडकला शिकायची तर

कॉलेज करता करता कापडाचं काही शिकायचं म्हटलं की नाशिकमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "फॅशन डिझायनिंगचा क्लास लाव." उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. कापडाच्या कामाचे तीन टप्पे असतात. सुतापासून कापड विणणं हा पहिला. विणलेल्या कापडावर रंग, ठसा किंवा टाका चढवणं हा दुसरा. ते कापून शिवणं हा तिसरा, आणि बहुतेक क्लासचा भर या तिसऱ्यावरच असतो. पहिला टप्पा आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात आहे. दुसरा घरच्या शेगडीवर जमतो. फी किती, हे सगळे विचारतात. वेळ कसा लागतो, हे कोणी विचारत नाही. खरी निवड तिथेच होते.

माझं मत आधीच सांगून टाकते. कॉलेज चालू असताना रंगकामापासून सुरुवात करा, माग मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवा, आणि क्लासची मोठी फी हे दोन्ही थोडंफार करून झाल्यावरच भरा.

येवल्याचा माग

नाशिकहून येवला साधारण ८० किलोमीटर, निफाड-विंचूरवरून. तिथे शिकायला मिळतं ते तंत्र देशात फार थोड्या ठिकाणी इतकं जिवंत आहे. पैठणीच्या पदरावरचं चित्र आडव्या धाग्यांनीच विणलं जातं. मोराच्या निळ्या मानेला निळ्या रेशमाची एक कांडी (धागा गुंडाळलेली छोटी नळी), शेजारच्या हिरव्या पानाला दुसरी, त्यापुढच्या जरीला तिसरी. एक रंग संपतो तिथे त्याचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवायचा आणि परत फिरवायचा. त्यामुळे मागच्या बाजूला लोंबते धागे राहत नाहीत आणि पदर दोन्हीकडून सारखा दिसतो. जकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या यंत्रणेवर, काढलेल्या नकलेत मागे धागे तरंगतात किंवा कापलेले दिसतात. साडीच्या अंगाची धूपछाव येते ती ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा घेतल्यामुळे. दुकानदार हे सगळं तोंडी सांगतोच, पण आपल्या हातात कांडी आल्यावर जे कळतं ते वेगळं.

आता वेळेचं. साध्या काठपदराची साडी कसबी विणकर महिन्याभरात उतरवतो. भरगच्च पदर आणि अंगभर काम असेल तर वर्षही लागतं. नवख्याचा दिवस काही बोटं कापड विणण्यात जातो. शनिवारी गेलात, रविवारी परत आलात, पुढच्या शनिवारी हात पुन्हा कोरा. शिवाय कारागिराचा माग ही त्याची रोजची मजुरी आहे. तुम्ही त्यावर बसलात की त्याची मजुरी थांबते, आणि तुमच्या हातून तुटलेला रेशमाचा धागा त्यालाच सांधावा लागतो. म्हणून वीकेंडला येवल्याला जाऊन विणकाम शिकू, हा बेत कागदावरच छान दिसतो. सलग दोन-तीन आठवडे राहता येत असेल तरच जा. ज्या घरात एखादा माग रिकामा आहे तिथे विचारा, आणि रोजाचे किती द्यायचे ते पहिल्याच दिवशी बोलून घ्या. "मला फक्त शिकायचंय" असं म्हणून फुकट बसणं त्यांच्या पोटावर पाय देण्यासारखं आहे.

पहिले काही दिवस मागावर बसायला मिळणारही नाही. रहाटावर कांड्या भरा, फणीतून धागे ओवा, विणकर काकांचा हात बघा. कांड्या भरण्याचं काम घरातल्या मावशी बोलता बोलता करतात, तेव्हा ते सोपं वाटतं. रेशीम किती ताणायचं हा अंदाज मात्र तिथेच बसतो, त्यामुळे ते टाळू नका.

मागाची दुसरी बाजूही बघा. मोर, मुनिया, कमळ, आसावली, नारळी काठ, पंखा काठ ही पैठणीची ठरलेली भाषा आहे. तुमच्या वहीतलं नवं चित्र ग्राफवर उतरवून विणायला कारागीर तयार होईलच असं नाही, कारण अनेकदा रेशीम देणारा आणि नक्षी ठरवणारा व्यापारी असतो. रंगाचं रसायन, शिवण, हिशेब यातलं काही तिथे शिकवलं जात नाही. घरच्या मागावर प्रमाणपत्र मिळत नाही. ज्याला रिझ्युमेवर एक ओळ हवी आहे त्याची इथे निराशा होईल. ज्याला पुढे कापडाचं डिझाइन करायचं आहे त्याला मात्र हे तीन आठवडे पुढची कैक वर्षं पुरतील.

घरचं पातेलं

रंगकामाचं मोठं सुख म्हणजे ते तुकड्या-तुकड्यात करता येतं. रात्री कापड भिजवा, सकाळी लेक्चरला जा, संध्याकाळी रंगवा. कच्चा मालही नाशिकइतका सहज क्वचितच कुठे मिळेल. लासलगावच्या बाजारपेठेमुळे कांद्याची टरफलं पोत्यांनी निघतात. कसमादेत, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याकडे डाळिंबाच्या बागा आहेत, तेव्हा साली मागाल तिथे मिळतात. दसऱ्यानंतर झेंडूचे ढीग असतातच.

कृती थोडक्यात अशी. मांजरपाट घ्या आणि धुण्याचा सोडा घालून उकळा, म्हणजे खळ आणि तेलकटपणा निघतो. सुती कापडाला आधी हिरड्याच्या पाण्यात ठेवा, मग तुरटीच्या. तुरटी कापडाच्या कोरड्या वजनाच्या १५ ते २० टक्के पुरते. रेशमाला हिरड्याची गरज नाही, तुरटी पुरे. मग कापडाच्या वजनाइतकी कांद्याची टरफलं तासभर उकळून गाळा आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर ठेवा. रेशमावर सोनेरी-नारिंगी रंग येतो, सुतीवर जरा मंद. त्याच रंगात लोखंडाचं पाणी (गंजलेलं लोखंड भिजवलेलं पाणी) थोडंसं टाकलं की तो शेवाळी होतो. डाळिंबाच्या सालीचा पिवळा लोखंडाने करडा-हिरवा होतो. पातेलं मात्र वेगळं ठेवा, त्यात पुन्हा स्वयंपाक नको. आईशी वाद झाला तर ती बरोबर असेल.

इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण वर्कशॉपवाले ती सहसा सांगत नाहीत. कांद्याचा रंग सुंदर असला तरी उन्हात टिकाऊ नाही. विकायला कुर्ते करायचे असतील तर रिअॅक्टिव्ह रंग शिकून घ्या. ते सुती धाग्याशी रासायनिकरीत्या जोडले जातात, सोडा अॅशने, म्हणजे धुण्याच्या सोड्यानेच, पक्के होतात आणि त्यातले काही साध्या तापमानाला चालतात. रेशमाला सहसा अॅसिड रंग वापरतात. पॉलिएस्टर यांपैकी कशालाच दाद देत नाही. म्हणून कापड घेताना चार धागे जाळून बघायची सवय लावा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला जळक्या केसांचा, आणि पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. मेन रोडला "प्युअर" म्हणून दिलेलं कापड या परीक्षेत काय निघतं ते स्वतःच बघा.

रंग हातात बसला की बांधणी आणि ठसेछपाई. चांगले लाकडी ठसे गुजरातमधल्या गांधीनगरजवळच्या पेठापूरचे. ते गाव ठसे कोरण्यासाठीच ओळखलं जातं. छपाईत कस लागतो तो पुढचा ठसा आधी उमटलेल्या ठशाला नेमका भिडवण्यात. त्यासाठी गादी घातलेलं टेबल हवं, आणि हॉस्टेलच्या खोलीत ते मावत नाही. एका दिवसाच्या वर्कशॉपचा उपयोग इथे आहे: टेबल त्यांचं, सराव तुमचा. फक्त एका वर्कशॉपमधून रुमाल घेऊन आलात म्हणजे छपाई आली असं समजू नका.

प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावा. कापडाचं वजन, रंगाचं प्रमाण, वेळ, धुतल्यानंतर काय झालं, सगळं लिहा. पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी पोर्टफोलिओ मागितला तर ही वही दहा चकचकीत फोटोंपेक्षा जास्त बोलते.

कॉलेज रोडचा क्लास

कॉलेज रोड, गंगापूर रोडला संध्याकाळचे क्लास आहेत, आणि कॉलेजच्या वेळेत ते बसतात हा त्यांचा मोठा गुण. पॅटर्न, कटिंग, शिवण, थोडं इलस्ट्रेटर (संगणकावर चित्र काढायचं सॉफ्टवेअर). शिवण यायलाच हवी, त्यात दुमत नाही. स्वतःचं कापड स्वतः शिवता आलं की दर ठरवणं सोपं जातं. पण फी भरण्याआधी वर्ग बघून या. शिलाई मशीन किती मुलांत एक आहे? रंगवायला पाण्याची मोरी आहे का? निदान एखादा टेबलवरचा छोटा माग आहे का? प्रमाणपत्र कोणाचं: संस्थेचं स्वतःचं, की राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं? भिंतीवर फॅशन शोचे फोटो जितके जास्त तितकं मी हे प्रश्न ठासून विचारेन.

फक्त कमाई लवकर हवी असेल तर या सगळ्याला बगल देऊन आरीकाम, म्हणजे ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने करायचं भरतकाम, शिका. लग्नसराईत आरीच्या ब्लाउजला मागणी असते, सामान म्हणजे स्टँड, सुई, रेशीम, मणी, आणि काम घरी बसून होतं. डोळे आणि पाठ यांची किंमत मोजावी लागते, तेवढं लक्षात ठेवा. आयटीआयमध्ये भरतकामाचा आणि फॅशन डिझाइनचा एकेक वर्षाचा ट्रेड असतो आणि तिथली फी खासगी क्लासच्या मानाने अगदी कमी. दिवसभराची हजेरी मात्र लागते, त्यामुळे नियमित कॉलेजसोबत तो जमणं कठीण.

आणि चार वर्षांची पदवी?

बारावीत असाल तर निफ्टचा, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचा, विचार जरूर करा. मुंबईचं केंद्र खारघरला आहे आणि तिथे टेक्सटाइल डिझाइन ही फॅशन डिझाइनहून वेगळी शाखा आहे. फॉर्म भरताना हा फरक बघा. अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, आहे. मुंबईत १८५७ पासूनचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या प्रवेशाला कला सीईटी द्यावी लागते.

पण हा लेख वाचणारे बरेचजण पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असतील. त्यांनी सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. निफ्टच्या दोन वर्षांच्या एम. डिझ.ला (डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला) कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. बी.कॉम. झालेली, येवल्यात बसलेली आणि रंगांची वही भरलेली मुलगी तिथे कमी पडत नाही. उलट खर्चाचं अंदाजपत्रक तिला आधीच करता येतं, आणि मला विचाराल तर डिझायनरमध्ये हीच गोष्ट दुर्मिळ असते.

मालेगावबद्दल थोडंसं. आपल्याच जिल्ह्यात यंत्रमागांचं एवढं मोठं गाव असताना डिझाइन शिकणारे तिकडे फिरकत नाहीत. शिकायला नाही, पण एक दिवस बघायला जा. हातमागावर महिनाभर चालणारं काम ऐकून आल्यावर यंत्रमागाचा वेग आणि मीटरचा भाव बघितला की हातमागाची साडी महाग का, हे कोणाला समजावून सांगायची गरज उरत नाही.

कॉलेजला एक गोष्ट विचारून ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. येवल्यातले तीन आठवडे त्यात बसतील का, हे विभागप्रमुखांना सत्राच्या सुरुवातीलाच विचारा, आणि परवानगी लेखी घ्या. शेवटच्या आठवड्यात विचारलं तर उत्तर बहुधा नाहीच येतं. मार्गदर्शक म्हणून विणकराची सही चालेल का, हेही तेव्हाच विचारून घ्या. चालत नसेल तर येवल्यातल्या एखाद्या विणकर सहकारी संस्थेचं पत्र मिळतं का ते बघा.