स्प्रिंग रिटर्न डॅम्पर ॲक्च्युएटर: वर्षभर वापरल्यानंतर (माल चांगला, पण वायर फक्त एक मीटर!)

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बसवले होते, आता दुसरा पावसाळा लागलाय, त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही बघून झालंय. पुण्यात हायवेला लागून आमची कमर्शियल बिल्डिंग आहे, मेंटेनन्स माझ्याकडे. डॅम्पर म्हणजे हवेच्या वाटेतली उघडमीट करणारी पाती, आणि ॲक्च्युएटर म्हणजे ती फिरवणारी मोटर. गच्चीवरच्या एएचयूंच्या (एसीची हवा मजल्यांवर फिरवणाऱ्या युनिटच्या) ताज्या हवेच्या डॅम्परवर हे लावलेत, तिथे लाईट गेली की डॅम्पर बंद. आणि डीजी (डिझेल जनरेटर) रूमच्या हवा आत घेणाऱ्या डॅम्परवर लावलेत, तिथे बरोबर उलटं, लाईट गेली की उघडा. मोटर सव्वा मिनिटात पाती फिरवते आणि फिरवता फिरवता आतली स्प्रिंग आवळत जाते, सप्लाय तुटला की स्प्रिंग वीसेक सेकंदात पाती परत आणते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण कंपनीशी नाही, सप्लायरच्या सर्व्हिसशी झालं.

ऐन पावसात तिसऱ्या मजल्यावरून तक्रारी सुरू झाल्या, दुपारनंतर गुदमरतं, डोकं जड होतं. वर जाऊन बघतो तर एएचयू मजेत चालू आणि ताज्या हवेचा डॅम्पर ठार बंद, म्हणजे तीच ती हवा गोल फिरतेय. सर्व्हिसचा मुलगा आला, मीटर काढला नाही, काही नाही, ओली बॉडी बघितली आणि म्हणाला आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, नवीन घ्या. नवीन म्हणजे पाच आकडी बिल. आमचे इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, "साहेब, सही करू नका, आधी व्होल्टेज बघू." पॅनेलमध्ये ट्रान्सफॉर्मरवर २४ व्होल्ट बरोबर, जंक्शन बॉक्सपर्यंतही बरोबर, आणि बॉक्समधल्या जॉइंटच्या पुढे जेमतेम नऊ. टेप गुंडाळून केलेला जॉइंट, आतलं तांबं हिरवं पडलेलं, बॉक्सला वरून भोक पाडून वायर घातलेली आणि ग्लँडचा (वायरभोवतीची फट बंद करणाऱ्या बुचाचा) पत्ता नाही. काकांनी वायर मागे कापली, नीट कनेक्टर लावला, सप्लाय दिला, आणि 'मेलेला' ॲक्च्युएटर घूं करत पाती उघडायला लागला! तो आजही चालू आहे. कोणी वॉरंटी नाही म्हणालं तर ॲक्च्युएटरच्या अगदी तोंडाशी व्होल्टेज मोजल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आता माझा मूळ राग. कंपनी बॉडीतून फक्त एक मीटर वायर देते. एक मीटर! एवढ्या महागाच्या वस्तूला दोन मीटर वायर जास्त द्यायला किती खर्च येणार आहे? गच्चीवर एक मीटरमध्ये वायर कुठेच पोचत नाही, म्हणजे प्रत्येक नगाला एक जंक्शन बॉक्स, दोन ग्लँड, कनेक्टर, माणसाची मजुरी, आणि वर तोच बॉक्स सगळ्यात आधी सडणार. कोटेशनमध्ये यातलं काही नसतं, सगळं 'साइट स्कोप' म्हणून आपल्या गळ्यात. मी हे सप्लायरला, त्याच्या साहेबाला, ज्याला त्याला सांगितलंय.

मात्र एक मत बदललं. सुरुवातीला मी म्हणायचो की बॉडीतच टर्मिनल द्यायला हवे होते, हवी तेवढी वायर आपण ओढली असती. पण पावसाळा काढल्यावर वाटतं फिक्स वायर आहे तेच बरं. आपल्याकडे झाकण उघडलं की दोन स्क्रू हमखास कमी लागतात आणि रबर पॅकिंग वाकडं बसतं, टर्मिनल असते तर पाणी सरळ मोटरवर गेलं असतं. सील केलेली बॉडी टिकली, सडला तो बाहेरचा जॉइंट. फिक्सच द्या, पण तीन मीटर द्या! तोवर बॉक्स पत्र्याच्या छपराखाली घ्या, वायर खालून आत घ्या आणि बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळावरूनच ठिबकून जातं. बॉडीवर आयपी ५४ लिहिलंय म्हणून उघड्या पावसात सोडू नका, ५४ म्हणजे शिंतोडे सहन करेल, धो धो पाऊस नाही.

साइझिंगचं थोडक्यात. ढोबळ हिशोब एक चौरस मीटर डॅम्परला ५ न्यूटन मीटर (फिरवण्याचा जोर), म्हणजे १० वाला साधारण दोन चौरस मीटरपर्यंत आणि २० वाला चारपर्यंत. आमचा डीजीचा डॅम्पर दीड बाय एक मीटर ऐंशी, २.७ चौरस मीटर, हिशोबाने साडेतेरा येतात, तरी कॉन्ट्रॅक्टर 'चालून जाईल' म्हणत १० चा टाकायला निघाला होता. नवा डॅम्पर चालतोही, पण हायवेची धूळ बुशमध्ये बसली की पाती जड होतात आणि मग स्प्रिंगला त्या पूर्ण आणता येत नाहीत. २० चाच घ्यायला लावला. इथे पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

बसवताना आधी पाती हाताने त्या जागेवर न्यायची जिथे लाईट गेल्यावर ती हवी आहेत, ॲक्च्युएटर सप्लायशिवाय स्वतःच्या शून्यावर, आणि मग पात्यांच्या शाफ्टला पकडणारा क्लॅम्प आवळायचा. दिशा उलटी हवी असेल तर बॉडी पलटून दुसरी बाजू वर करून लावायची, वायरिंगशी त्याचा संबंध नाही. लाईट गेल्यावर बंद व्हायचा डॅम्पर असेल तर क्लॅम्प आवळण्याआधी ॲक्च्युएटर पाचेक अंश पुढे घ्यायचा, त्याच्या किल्लीने फिरवून. मग पाती मिटल्यावरही स्प्रिंगचा थोडा दाब सीलवर राहतो, नाहीतर फटीतून धूळ येत राहते आणि वर्षभर कळत नाही. दुसऱ्या टोकाची अडवणारी पट्टी बॉडी फिरू नये एवढ्यासाठीच असते, तिच्या खाचेत बॉडीला जरा हलायला जागा ठेवा, शाफ्ट कधीच शंभर टक्के सरळ नसतो. आमच्या एका ठिकाणी पट्टी स्क्रूने गच्च जखडली होती, तो नग कण्हत चालायचा, पट्टी सैल केल्यावर आवाज गेला.

क्लॅम्पचे दोन्ही नट आळीपाळीने, पान्ह्याने आवळा, आणि नंतर शाफ्टवर नि क्लॅम्पवर मिळून परमनंट मार्करने एक सरळ रेघ मारा. दहा रुपयांचं काम आहे. रेघ तुटलेली दिसली की क्लॅम्प शाफ्टवर घसरतोय हे लांबून कळतं. कंट्रोलच्या स्क्रीनवर ते कधीच कळणार नाही, कारण आतला लिमिट स्विच ॲक्च्युएटर कुठे आहे ते सांगतो, पाती कुठे आहेत ते नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी एवढं टाइप करतोय. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की एमसीबी पाडला की मशीन शांत, आता हात घाला. इथे एमसीबी पाडला की मशीन चालू होतं! सर्व्हिसच्या त्याच मुलाने एक हात पात्यांमध्ये ठेवून हेल्परला ओरडून सांगितलं, "बंद कर." काकांनी त्याचा दंड धरून मागे ओढला म्हणून बोटं राहिली. २० न्यूटन मीटरची स्प्रिंग आहे, पातीच्या कडेला पत्रा आहे, आणि अध्ये-मध्ये थांबवायला कुठलंही बटण नाही. आमच्याकडे आता नियम आहे, आधी पंखा बंद, मग सप्लाय बंद आणि टॅग, पाती शेवटपर्यंत जाऊन थांबलेली डोळ्यांनी बघायची, मगच हात. सप्लाय चालू असताना क्लॅम्प सैल करायचा नाही, पाती वजनाने किंवा हवेने कुठेही जातात. आणि बॉडी उघडायची नाही, कुठल्याही कारणासाठी नाही, आत आवळलेली स्प्रिंग आहे.

किल्लीने पाती उघडून लॉक करायची सोय कामाची आहे, पण तशी लॉक करून माणूस जेवायला गेला तर त्या वेळेपुरता फेल-सेफ (लाईट गेली की पाती आपोआप ठरल्या जागी जाणं) संपलेला असतो. आमच्यात लॉक केलं की लाल टॅग लावल्याशिवाय जागा सोडायची नाही.

आणखी एक, कंट्रोलचा फक्त फ्यूज उडाला तर पंखा चालू राहतो आणि डॅम्पर मिटतो, मग जिथे पंख्याला दुसरीकडून हवा मिळत नाही तिथे डक्ट आत चेपायची भीती. लिमिट स्विचमधून पंख्याला परवानगी द्या, डॅम्पर उघडल्याशिवाय पंखा चालूच व्हायला नको.

डीजीवाल्यांनी हे नीट वाचा. ॲक्च्युएटरला डीजी-बॅकअपच्या लाइनवर टाकलं तर महावितरणची लाईट जाते, डॅम्पर उघडतो, डीजी सुरू होतो, आणि त्याच डीजीच्या करंटवर डॅम्पर पुन्हा मिटतो. नुसत्या महावितरणच्या लाइनवर टाकलं तर लाईट असताना डीजीची टेस्ट घेतली की डॅम्पर बंदच. डीजी चालू असल्याचा सिग्नल रिलेवर घेऊन त्याने ॲक्च्युएटरचा सप्लाय तोडायचा, तरच दोन्ही वेळेला उघडतो. कॉन्ट्रॅक्टरने पहिला प्रकार करून ठेवला होता, टेस्टमध्येच पकडला. आणि रेडिएटरची गरम हवा बाहेर पडते त्या बाजूला हे लावू नका, आमच्या नगांवर ५० अंशांपर्यंतच लिहिलंय.

लाईट बिलाचं विचारतात म्हणून सांगतो, डॅम्पर धरून ठेवायला एक नग साधारण ३ वॅट घेतो, वर्षभर चोवीस तास धरला तर २६ युनिट. बॉडी कोमट लागते, ते नॉर्मल आहे. ट्रान्सफॉर्मर मात्र सगळ्यांच्या व्हीएची (नगावर लिहिलेल्या लोडची) बेरीज करून घ्या, लाईट परत आली की सगळे एकदम धावतात.

आमच्याकडे फायरचा फॉर्म 'बी' (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैमध्ये जातो, त्याच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक डॅम्परचा सप्लाय खरोखर तोडून, पाती बघून, रेघ बघून सही करतो. या जुलैला सगळे पास झाले, पावसात भिजलेला तोही. पुन्हा घेईन का, तर हेच घेईन, फक्त ऑर्डरवर तीन मीटर वायर किंवा बॉक्ससकट रेट असं लिहून घेणार. सप्लायर म्हणतो जास्त लांबीची वायर स्पेशल ऑर्डर आहे, वेळ लागेल. लागू दे.