डिजिटल पॉट की डॅक: एक सेन्सर जाळल्यानंतर

सहा महिन्यांपूर्वी घरी बनवलेल्या बेंच सप्लायमध्ये (हवं ते व्होल्टेज देणारा टेबलावरचा वीजपुरवठा) एमसीपी४१०१० हा डिजिटल पॉट, म्हणजे कंट्रोलरच्या हुकमाने बदलणारा रोध, बसवला. कारण एकच, तो डब्यात पडून होता आणि डॅकवर (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) खर्च करायचं जिवावर आलं होतं. ० ते ५ व्होल्ट कंट्रोल, पुढे ऑप-अँपने (व्होल्टेज वाढवणारी चिप) तिप्पट. २५६ पायऱ्या, त्यामुळे बाहेर एकेक पायरी जवळपास ५९ मिलिव्होल्टची. ३.३ हवे असतील तर ३.२८ घ्या, नाहीतर ३.३४. चालवून घेतलं.

दोन महिन्यांनी ३.३ व्होल्टचा सेन्सर जोडलेला ठेवूनच सप्लाय चालू केला. सेन्सर गेला. वीज आली की हा पॉट वायपर (त्याचं सरकणारं टोक) थेट मध्यावर नेऊन ठेवतो. कंट्रोलर जागा होऊन त्याला काही सांगेपर्यंत बाहेर साडेसात व्होल्ट. डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) लिहिलंय, मान्य. पण पायऱ्या, टॉलरन्स (रोध छापील आकड्यापेक्षा किती कमी-जास्त), वायपरचा रोध यांवर तावातावाने बोलणारे आपण सगळे, चालू होताना चिप काय करते हे विचारतो का? मी आता कुठलीही चिप घेताना आधी तेच पान उघडतो. बाकीचं नंतर.

चिडून एमसीपी४७२५ हा डॅक आणला. १२ बिट, ४०९६ पायऱ्या, वर स्वतःचा ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी). सुटलो म्हणत चालू केला (या वेळी फक्त मीटर लावून) तर पुन्हा साडेसात! नव्या चिपच्या ईईप्रॉममध्ये मध्यच भरलेला असतो. त्यात एकदा शून्य लिहिलं, तेव्हापासून चार महिने निमूट शून्यावर उठतोय.

महिनाभर भेटेल त्याला ‘डॅकच घे’ सांगत होतो. मग एकदा १२ व्होल्ट लावलेले ११.५२ दिसले. या डॅकचा सप्लाय हाच त्याचा रेफरन्स (ज्याच्या प्रमाणात बाहेरचं व्होल्टेज ठरतं), आणि माझे ५ व्होल्ट यूएसबीतून येत होते. लोड वाढला की ते ४.८ वर उतरत. पायऱ्या बारीक, पण अख्खा जिनाच खचतोय! इथे पॉटची माफी मागायला हवी. त्याच्या वरच्या टोकाला वेगळा रेफरन्स लावता येतो. त्याच्या २० टक्के टॉलरन्सलाही मी उगाच शिव्या घातल्या. डिव्हायडर म्हणून (व्होल्टेजचा वाटा काढायला) जोडला तर गुणोत्तर मोजायचं, एकूण ओहम नव्हेत.

आतच रेफरन्स असलेला एमसीपी४८२२ सरळ उपाय होता, पण दुसऱ्यांदा खर्च कोण करतो? माझा एमसीपी४७२५ मिलिअँपिअरभरही खात नाही, म्हणून डब्यातल्या ५ व्होल्टच्या रेफरन्स आयसीवरच त्याचा सप्लाय जोडला. आयटूसीचे (कंट्रोलरशी बोलणाऱ्या तारांचे) पुल-अप रोधही त्यावरच. आता १२ म्हणजे १२, यूएसबी काहीही करो.

पॉट एलसीडीच्या कॉन्ट्रास्टला लावलाय. चालू केलं की क्षणभर अर्ध्यावर येतो आणि स्क्रीन कोरी दिसते. दिसू दे, तिथे काही जळत नाही.