नाकावरचा वायू: दाताच्या खुर्चीतली धडधड किती उतरवतो?

‘वेदनारहित उपचार’ या ओळीखाली दातांच्या दवाखान्यात ‘लाफिंग गॅसची सोय’ अशी दुसरी ओळ असली, की दोन्हींचा अर्थ एकच, असं समजून माणूस आत जातो. पहिली गफलत तिथेच होते. लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड; तो भीती उतरवतो, दात बधिर करत नाही. दुखणं थोडं बोथट होतं हे खरं, पण दाढ कोरायची किंवा काढायची तर हिरडीत इंजेक्शन घ्यावंच लागतं. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर सुई दिसताक्षणी ‘फसवलं’ असं वाटतं आणि वायूने जे मिळवलेलं असतं ते एका क्षणात जातं.

या सोयीचा दर्जा यंत्रावर फारसा ठरत नाही. यंत्रं जवळपास सारखीच असतात: ऑक्सिजनचा प्रवाह, नायट्रसचा प्रवाह, एक रबरी पिशवी, नाकावर बसणारा मास्क आणि बाहेर सोडलेला वायू ओढून नेणारी नळी. दातांच्या यंत्रात ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाणार नाही अशी अडवणूक असते आणि ऑक्सिजन संपला तर नायट्रस आपोआप बंद होतो. फरक पडतो तो बटण फिरवणाऱ्या हातामुळे.

चांगला हात असा चालतो. आधी एक-दोन मिनिटं नुसता ऑक्सिजन, प्रौढ माणसाला साधारण ५ ते ६ लिटर दर मिनिटाला. रबरी पिशवी प्रत्येक श्वासाला हलली पाहिजे. पार चपटी झाली तर प्रवाह कमी पडतोय, फुगून तटतटली तर जास्त आहे किंवा पेशंट नाकाने श्वासच घेत नाहीये. मग नायट्रस १० ते २० टक्के, आणि दर मिनिटाला ५-१० टक्क्यांनी वाढ. बहुतेकांना ३० ते ४० टक्क्यांवर पुरेसं होतं. ५० च्या पुढे जायची वेळ आली, तर बहुधा मास्क गळतोय किंवा श्वास तोंडाने चाललाय. तिथे आकडा वाढवून उपयोग नाही, गळती शोधायला हवी.

बरोबर पातळी अंगावर कळते. बोटांच्या टोकांना मुंग्या, हातपायांत ऊब, खांदे सैल, मुठी आपोआप उघडलेल्या. आवाज ऐकू येतात, पण थोडे लांबून आल्यासारखे. विचारलं तर उत्तर देता येतं. हसू येईलच असं नाही, आणि अनावर हसू येणं चांगलं लक्षणही नाही. ते, बोलणं असंबद्ध होणं, तोंड पुनःपुन्हा मिटणं आणि मळमळ ही मात्रा जास्त झाल्याची खूण. अशा वेळी ५-१० टक्के खाली आणलं, की मिनिटाभरात फरक पडतो, कारण हा वायू रक्तात फार कमी विरघळतो. जितक्या लवकर चढतो तितक्याच लवकर उतरतो. भीती उतरवणाऱ्या गोळीत ही सोय नाही. डायझेपाम किंवा मिडाझोलाम पोटात गेलं, की कमी-जास्त करणं कुणाच्या हातात राहत नाही; सोबत माणूस लागतो आणि तो दिवस गाडी चालवण्यात किंवा सह्या करण्यात घालवता येत नाही.

मात्रेची चूक या वायूइतकीच जुनी आहे. होरेस वेल्स या दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी हा वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली आणि दुखलं नाही. पुढच्याच महिन्यात बॉस्टनमध्ये जमलेल्यांसमोर प्रयोग केला तेव्हा वायूची पिशवी वेळेआधी काढली गेली, पेशंट ओरडला आणि वेल्सची हुर्यो झाली. नेहमीच्या हवेच्या दाबाला नुसत्या नायट्रसने पुरती भूल देता येत नाही; तेवढ्यासाठी शंभर टक्क्यांहून जास्त वायू लागेल. म्हणून आज तो गुंगीपुरताच वापरतात, आणि तिथे तो उत्तम आहे.

सोय फसते ती बहुधा नाकाशी. सर्दीने नाक चोंदलं असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकलणंच शहाणपणाचं. दाट मिशा असतील तर मास्क कडेने गळतो. पेशंट सारखा बोलत राहिला तर वायू तोंडावाटे खोलीत जातो आणि गुंगी उतरते, त्यामुळे गप्पिष्ट डॉक्टर इथे तोट्याचा. वरच्या पुढच्या दातांचं काम असेल तर मास्क हातांच्या आड येतो आणि सारखा सरकतो. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवलेला रबरी पडदा, लावला तर मात्र दोन फायदे होतात: तोंडाने श्वास घेणं कमी होतं आणि पाणी घशाकडे जात नाही. आरसा जिभेला लागताच ज्यांना उबळ येते, त्यांना वायू आणि डॅमची ही जोडी खरंच उपयोगी पडते.

आता सुई. वायू लावून घाईने टोचणारा आणि वायूशिवाय सावकाश टोचणारा यांत दुसरा बरा. हिरडी कापसाने कोरडी करून २० टक्के बेंझोकेनची जेल लावली आणि निदान मिनिटभर थांबलं, तर वरचा थर बधिर होतो. ओल्या हिरडीवर लावून लगेच टोचलं, तर जेल लावली न लावली सारखीच. खरी कळ सुईपेक्षा औषध जोरात ढकलल्याने येते. औषधाचं १.८ मिलिलिटरचं काडतूस रिकामं करायला दीड-दोन मिनिटं द्यायला हवीत. त्यात अॅड्रेनलिन असेल तर नंतर छाती धडधडू शकते. ती औषधाची असते, काही मिनिटांत ओसरते. आधीच घाबरलेला माणूस तिला भीतीचा झटका समजतो, म्हणून हे टोचण्याआधी सांगणारा डॉक्टर निम्मं काम तिथेच करतो. खालच्या दाढेसाठी ओठ पुरता जड होईपर्यंत थांबणंही आलंच. सुजलेल्या, ठणकणाऱ्या दाढेत आम्लता वाढलेली असते, त्यामुळे बधिर करणारं औषध नसेत नीट शिरत नाही आणि दुसरं इंजेक्शन लागू शकतं. ते वायूचं अपयश नाही.

ड्रिलच्या आवाजाचं काय? वायूने तो दूर गेल्यासारखा वाटतो, बंद होत नाही. आवाज दाबणारे हेडफोन इथे अपेक्षेपेक्षा कमी कामाचे: ते घरघर चांगली दाबतात, टर्बाइनची तीक्ष्ण शिट्टी तितकी नाही. शिवाय काही आवाज जबड्याच्या हाडातूनच कानात पोचतो. त्यात डॉक्टरांचं बोलणं ऐकू येईनासं झालं तर भीती उलट वाढते. एकाच कानात संगीत, ही तडजोड बरी.

ही सोय सगळ्यांच्या भीतीला लागू पडत नाही. ज्यांना नाकावर काही ठेवलं की गुदमरतं, किंवा आपला ताबा सुटतोय ही भावनाच सोसत नाही, त्यांना वायू आणखी घाबरवतो. सुई पाहून चक्कर येणाऱ्यांचं दुखणं वेगळं: त्यांचा रक्तदाब एकदम खाली येतो. दंड, मांड्या आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद आवळायचे, २०-३० सेकंद सोडायचे, असं पाच वेळा, हा उपाय त्यांच्यासाठी जास्त मुद्द्याचा, आणि तोही फुकट. भीती मोजायला पाच प्रश्नांची एक पट्टी वापरतात, गुण ५ ते २५. १९ किंवा जास्त आले तर भीती तीव्र समजतात. अशांनी वायू हाच एकटा आधार धरू नये.

काहींना तो द्यायचाच नसतो. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडलेला असेल आणि तो विरला नसेल, तर नायट्रस त्यात शिरून दाब वाढवतो आणि दृष्टी जाऊ शकते. कानाच्या पडद्याची ताजी शस्त्रक्रिया, फुप्फुसाबाहेर साठलेली हवा, गरोदरपणाचे पहिले तीन महिने, ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध घेतलेलं असणं, बी-१२ ची मोठी कमतरता हेही आधी सांगायचं. हा वायू बी-१२ निकामी करतो; धडधाकट माणसाला एखाद्या वेळच्या वापराने काही होत नाही, आधीच कमतरता असलेल्याला नसांचा त्रास होऊ शकतो. फॉर्मवर हे प्रश्न नसतील तर तो दवाखाना या सोयीच्या लायकीचा नाही.

आमचे गुण: मध्यम भीती, सुईचा धसका आणि घशाची उबळ यांसाठी पाचपैकी चार, तीव्र भीतीसाठी दोन. एक गुण कापला तो शेवटच्या टप्प्यासाठी, कारण घाईत तोच गाळला जातो. काम संपल्यावर ५ मिनिटं नुसता ऑक्सिजन द्यायचा, मग उठवून चालवून पाहायचं. लगेच मास्क काढून खुर्ची सरळ केली तर डोकं दुखतं, गरगरतं, आणि दोष वायूच्या माथी जातो.

फोनवर विचारायचं ते एवढंच: वायू सुरू असताना खोलीत दुसरं कोण असतं, मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवतात का सगळ्यांना एकच ठरलेली, आणि डावा हात वर केला तर ड्रिल थांबतं का. जाण्याआधी दोन तास हलकं खाऊन ठेवायचं. भरल्या पोटी मळमळ होते, रिकाम्या पोटी चक्कर येते.