हार्ट फेल की व्हाइट कूम? मॉफॅटजवळचा एक दिवस

दक्षिण स्कॉटलंडात मॉफॅटला मुक्काम आहे आणि डोंगरासाठी एकच दिवस आहे, तर ए७०८ रस्त्यावरच्या या दोन फेऱ्यांतून निवड करावी लागते. दोन्हींना सहा-सात तास लागतात. व्हाइट कूम ८२१ मीटर, हार्ट फेल ८०८. एवढ्या फरकावर कुणी ठरवू नये.

देखणेपणात व्हाइट कूम पुढे आहे, हे कबूल. ग्रे मेअर्स टेलचा ६० मीटरचा धबधबा, त्याच्या वर लॉक स्कीन तळं. तळ्यापर्यंत वर्दळ असते, पुढे शुकशुकाट. वाहनतळावरून निघताना ओढ्याच्या उजवीकडची वाट धरावी. डावीकडची धबधब्याच्या पायथ्याशी संपते.

घोडं अडतं ते या टेल बर्न ओढ्यावर. आधी तळं, मग लॉकक्रेग हेड हे शिखर आणि शेवटी व्हाइट कूम अशा क्रमाने गेलं, की दगडी गडग्याच्या कडेने उतरून परतताना हा ओढा धबधब्याच्या वरच्या अंगाला ओलांडावा लागतो. कोरड्या हवेत दगडांवर पाय ठेवत पार होता येतं. पाऊस झाला असेल तर तिथे धाडस नको, कारण पाय सुटला तर खाली कडाच आहे. मग काठाकाठाने वर तळ्याच्या तोंडापर्यंत जाऊन ओलांडायचं, तेही दमल्या पायांनी, दलदलीतून. जुलैत सह्याद्रीत ओढ्याने अडवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. फेरी उलटी केली तर ओढ्याचा निकाल सकाळीच लागतो, पण मग शेवटी लॉकक्रेग हेडचा तीव्र गवताळ उतार आणि तळ्याकाठचा काळा, घोटाभर चिखल वाट्याला येतो.

हार्ट फेलची फेरी याच रस्त्यावरच्या कॅपलगिल या शेतवाडीपासून. ओढा आहेच, पण त्यावर रस्त्याचा पूल आहे. सॅडल योक या शिखराची सोंड मात्र सोपी नाही: रस्त्यापासून ७३५ मीटरपर्यंत सलग गवत, वाट पुसट, आणि चढ इतका उभा की टाच टेकत नाही. म्हणूनच ही सोंड चढायलाच घ्यावी. ओल्या गवतावरून ती उतरणं म्हणजे घसरगुंडी. वर अंडर सॅडल योकपर्यंत अरुंद हिरवी धार लागते, फेरीतला सगळ्यात सुंदर तुकडा. मग खिंड, आणि पलीकडे हार्ट फेल. माथा सपाट आहे. मोजणीच्या (त्रिकोणमिती) स्तंभाभोवती दगडांचा आडोसा आहे, डबा तिथे उघडावा. धुक्यात इथे दिशा चुकते, तेव्हा निघण्याआधी होकायंत्र लावून घ्यावं. पुढे स्वॉट फेलकडे जाताना कडे डाव्या हाताला राहतात, तेव्हा कुंपण सोडून त्या बाजूला सरकू नये.

सोबत कुणी तळ्यापर्यंतच येणारं असेल, तर व्हाइट कूमच बरं. बाकी, आदल्या दिवशी पाऊस झाला असेल (आणि इथे तो बहुधा झालेला असतो), तर मी कॅपलगिलला गाडी लावेन. जागा दोन-चार गाड्यांपुरतीच आहे. शेताचं फाटक मोकळं राहील असं बघावं.