गजकर्णावर काय घ्यावं: मिक्स ट्यूब, साधं क्रीम की गोळ्या?

पावसाळ्यात कोकणात काय, मुंबईत काय, जांघेत किंवा कमरेच्या इलॅस्टिकखाली गजकर्ण उठलं की माणूस आधी मेडिकल गाठतो. तिथे हातात पडते ती बहुतेक वेळा मिक्स ट्यूब: बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड.

दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. म्हणूनच ती लोकांना आवडते. पण स्टेरॉइडने बुरशी मरत नाही, उलट तिच्याशी लढणारी कातडीची ताकदच दबते. ट्यूब बंद केली की चट्टा आणखी पसरतो, कधी कड्याच्या आत दुसरं कडं उमटतं. महिनोन्महिने लावणाऱ्यांच्या जांघेत कातडी पातळ होऊन ताणल्यासारखे पट्टे पडतात आणि ते सहसा कायमचे राहतात. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी दुकानातून ती मिळतातच. कितीही खाज असो, ही ट्यूब घेऊ नका.

पहिल्यांदाच एक-दोन छोटे चट्टे आले असतील तर साधं क्रीम पुरतं. क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, ल्युलिकोनॅझोल एकदा. जागा कोरडी करून, कड्याच्या बाहेर बोटभर कातडीवरही लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे सुरू ठेवायचं. आराम हळूहळू पडतो. नेमके इथेच लोक कंटाळून सोडतात.

चट्टे बरेच असतील, पुन्हापुन्हा येत असतील, डोक्यात किंवा नखात असेल, तर क्रीमवर वेळ घालवू नका. गोळ्या लागतील आणि त्या त्वचेच्या डॉक्टरांकडूनच घ्या. टर्बिनाफिन पूर्वी हमखास लागू पडायचं. आता भारतात ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी पसरली आहे आणि तिच्या अनेक जातींना ते बाधत नाही. म्हणून बऱ्याचदा इट्राकोनॅझोल देतात. त्याची साधी कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची, अॅसिडिटीच्या गोळीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. हृदय किंवा लिव्हरचा त्रास, गरोदरपण, चालू असलेली इतर औषधं आधीच सांगा. मिक्स ट्यूब लावली असेल तर तीही दाखवा. तिच्यामुळे चट्ट्याचं रूप बदलतं आणि निदान चुकू शकतं.

घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार एकाच वेळी करा. टॉवेल वेगळे ठेवा आणि पावसात दमट राहिलेल्या चड्ड्यांवर, विशेषतः शिवणीवर, गरम इस्त्री फिरवा.